आर्विद कार्लसन यांची पन्नास वर्षं आणि तुमचा पीएचडीचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री झालं, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) हातात आहे, मेंदूवर काम करणाऱ्या औषधांच्या संशोधनात शिरायचं आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय. एका गाइडचं नाव मोठं आणि काम जवळजवळ सगळं संगणकावर. दुसरी प्रयोगशाळा लहान, पण तिथे प्राणिगृह आहे, एचपीएलसी (मिश्रणातली रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र) आहे. वडील विचारताहेत, "एकाच रसायनाच्या मागे पाच वर्षं घालवून हाती काय लागणार?" आणि तुम्ही मला विचारलंय की या क्षेत्रातली कारकीर्द आतून कशी असते, ते एखाद्या खऱ्या माणसावरून सांगा.

मी तीस वर्षं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवतेय आणि त्यातली बरीचशी वर्षं उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन मोजण्यात गेली. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं वापरतात, त्यांतलं हे एक. म्हणून डोपामाइनला मेंदूत स्वतःचं स्थान मिळवून देणाऱ्या माणसाबद्दलच लिहिते: स्वीडनचे आर्विद कार्लसन. त्यांना २००० साली नोबेल मिळालं, तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. पण तुमच्या कामाचा भाग त्याच्या पन्नास वर्षं आधी सुरू होतो, आणि तो नकारापासून सुरू होतो.

कार्लसन यांचा जन्म १९२३ मधला, उप्सालाचा. वाढले लुंडमध्ये, वडील इतिहासाचे प्राध्यापक. त्यांनी वैद्यक घेतलं आणि १९५१ मध्ये लुंड विद्यापीठात प्रबंध दिला. विषय होता शरीरातला कॅल्शियम. किरणोत्सारी कॅल्शियम वापरून हाडांत तो कसा जातो-येतो, याचं काम होतं ते. काम चांगलं होतं, पण वरची जागा मागितली तेव्हा निवड समितीने सांगितलं की कॅल्शियम हा काही फार्माकॉलॉजीचा मध्यवर्ती विषय नव्हे. जागा मिळाली नाही. अठ्ठाविशीच्या आसपास, प्रबंध पूर्ण झालेला, आणि ज्या विषयावर तो लिहिला तो विषयच आपल्या क्षेत्रात धरला जात नाही असं ऐकायला मिळणं किती जिव्हारी लागतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कार्लसन यांनी विषय बदलला. मात्र त्यांनी नवा विषय निवडला त्यापेक्षा नवी मापनपद्धत निवडली, असं मला त्यांच्याबद्दल वाचताना दरवेळी वाटतं. ओळखीतून अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत पाच महिन्यांसाठी जागा मिळाली. साल १९५५. त्या काळात ती प्रयोगशाळा म्हणजे जीवरासायनिक औषधशास्त्राची पंढरी होती. तिथे रॉबर्ट बोमन यांनी एक यंत्र बांधलं होतं, स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर. नमुन्यावर ठराविक तरंगलांबीचा प्रकाश टाकायचा आणि त्यातून परत उजळणारा प्रकाश मोजायचा. ऊतीत अत्यल्प असलेली अमाईन रसायनं (डोपामाइन, सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन ही त्यांतलीच) त्याआधी सशाच्या आतड्याची पट्टी किंवा मांजराचा रक्तदाब वापरून अंदाजाने मोजावी लागत. आता ती एका काचेच्या नळीत मोजता येऊ लागली.

आता इथे आपली सर्पगंधा येते. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये या मुळीचा उपयोग उन्मादात आणि वाढलेल्या रक्तदाबात होतो, असं प्रसिद्ध केलं होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव छापला, तेव्हा पश्चिमेकडची वैद्यकमंडळी जागी झाली. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतलं औषधी द्रव्य, रिसर्पिन, वेगळं काढलं. १९५७ चा लास्कर हा अमेरिकेतला मोठा वैद्यकीय पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत डॉ. वकील होते. परळच्या वॉर्डात केलेलं ते काम आज किती विद्यार्थ्यांना माहीत आहे, याची मला खरोखर काळजी वाटते.

ब्रोडींच्या प्रयोगशाळेने रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या मेंदूतून सेरोटोनिन नाहीसं होतं, हे दाखवलं होतं. एखादं मानसिक परिणाम करणारं औषध आणि मेंदूतलं एखादं रसायन यांचा असा थेट धागा तोवर कुणी जोडला नव्हता. कार्लसन यांना वाटलं, सेरोटोनिनच कशाला? त्याच जातीची दुसरी अमाईनही जात असतील तर? ब्रोडींना त्यात फारसा रस नव्हता. तेव्हा कार्लसन लुंडला परतले आणि तिथल्या निल्स-ओके हिलार्प या ऊतिशास्त्रज्ञाबरोबर कामाला लागले. अधिवृक्क (ॲड्रेनल) ग्रंथी, हृदय, मेंदू, सगळीकडे रिसर्पिननंतर नॉरॲड्रेनॅलिनही रिकामं झालेलं आढळलं.

हे कसं होतं, ते आज आपल्याला ठाऊक आहे. चेतापेशीच्या टोकाशी लहान लहान पुटिका असतात, त्यांत हे रसायन साठवलेलं असतं. त्या भरणारा पंप रिसर्पिन बंद पाडतं. पुटिकेबाहेर उघड्यावर पडलेलं रसायन मोनोअमाईन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) फस्त करतं. संदेश आला तरी सोडायला काही शिल्लकच नसतं.

आता तो प्रयोग. हाच प्रयोग नीट समजून घ्या, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

रिसर्पिन दिलेला ससा कसा दिसतो, हे मी पाहिलेलं आहे. तो कान पाडून, पाठीला पोक काढून, पापण्या अर्ध्या मिटून बसतो. ढकललं तर ढकललेल्या जागी तसाच राहतो. झोपलेला नसतो, पण हलत नाही. कार्लसन, मार्गिट लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांनी अशा प्राण्यांना सेरोटोनिनचं पूर्वद्रव्य दिलं, फरक पडला नाही. मग डोपा दिलं. डोपा हे नॉरॲड्रेनॅलिनचं पूर्वद्रव्य, म्हणजे ज्या कच्च्या मालापासून शरीर पुढे नॉरॲड्रेनॅलिन बनवतं तो माल. अमाईन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, डोपा शिरतं. थोड्याच वेळात प्राणी उठून हिंडू लागले. सशाचे कान उभे राहिले. १९५७ मध्ये नेचरमध्ये हे छोटंसं टिपण आलं.

इथे थांबले असते तरी नाव झालं असतं. निष्कर्षही समोर तयार होता: नॉरॲड्रेनॅलिन गेलं म्हणून प्राणी गळाला, डोपामुळे ते परत आलं म्हणून उठला. पण त्यांनी उठलेल्या प्राण्यांचे मेंदू काढून त्यांतलं नॉरॲड्रेनॅलिन मोजलं. ते परत आलेलंच नव्हतं. प्राणी हिंडतोय, आणि ज्याच्यामुळे तो हिंडतोय असं आपण म्हणतोय ते रसायन मेंदूत नाही!

अशा वेळी माणूस काय करतो, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. आकडा चुकला असेल म्हणतो, नमुने कमी पडले म्हणतो, जुळणारे तीन प्राणी ठेवतो आणि न जुळणारा वगळतो. कार्लसन यांनी आकड्यावर विश्वास ठेवला, कारण मापन त्यांच्या स्वतःच्या हातचं होतं. मग डोपा आणि नॉरॲड्रेनॅलिन यांच्या मधल्या पायरीवर काय आहे, याकडे ते वळले. मध्ये होतं डोपामाइन. तोवर सगळे त्याला वाटेतलं स्टेशन समजत, गाडी तिथून पुढे जाणारच असं धरून चालत. इंग्लंडमध्ये कॅथलीन मोंटेग्यू यांनी १९५७ मध्ये मेंदूच्या अर्कात ते आढळल्याचं छापलं होतं, पण ते तिथे कशासाठी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

डोपामाइन मोजायची नीट पद्धत नव्हती, म्हणून कार्लसन आणि बर्टिल वाल्डेक यांनी ती बसवली. मेंदूचा अर्क आयन-विनिमय राळेच्या स्तंभातून गाळायचा, डोपामाइन वेगळं उतरवायचं, आयोडीनने त्याचं ऑक्सिडीकरण करायचं आणि चकाकी मोजायची. १९५८ च्या सायन्समधल्या निबंधात तीन गोष्टी एकत्र आल्या. निरोगी मेंदूत डोपामाइन असतं आणि नॉरॲड्रेनॅलिनच्या तोडीस तोड असतं. रिसर्पिनने ते जातं. डोपाने ते परत येतं, आणि प्राणी उठतो तोही त्याच्याच बरोबर. पुढच्या वर्षी त्यांचे विद्यार्थी ओके बर्टलर आणि एवाल्ड रोसेनग्रेन यांनी दाखवलं की मेंदूतलं बहुतेक डोपामाइन एकाच भागात, रेखित पिंडात, साठलेलं असतं. तो भाग हालचालींशी निगडित. आणि रिसर्पिन घेणाऱ्या माणसांमध्ये कंपवातासारखी (पार्किन्सन्ससारखी) लक्षणं दिसतात, हे डॉक्टरांना माहीतच होतं. कोडं सुटत आलं होतं.

इथे थोडं माझं सांगते, कारण तुमच्या निवडीशी त्याचा संबंध आहे. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका वनस्पतीच्या अर्काने उंदरांच्या रेखित पिंडातलं डोपामाइन कमी होतंय, असे आकडे सलग येऊ लागले. आम्ही सगळे खूश. पोस्टर तयार झालं. मग एका संध्याकाळी स्टँडर्डची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या शुद्ध डोपामाइनची, बाटली उजेडासमोर धरली, तर पाण्यासारखं असायला हवं ते द्रावण फिकट तपकिरी झालेलं. डोपामाइन हवेने आणि उजेडाने ऑक्सिडाइझ होतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं, डोळ्यांनी तेव्हा पाहिलं. मग शोध घेतला. अर्क दिलेल्या गटाचे मेंदू नेहमी दुपारनंतर काढले जात, तोवर बर्फ वितळलेला असे आणि मेंदू ज्या आम्लात ठेवत ते थंड राहत नसे. डोपामाइन अर्काने कमी होत नव्हतं, टेबलावर कमी होत होतं. दोन्ही गटांचे प्राणी आलटून-पालटून घेतले, परक्लोरिक आम्लाच्या नळ्या आधीच बर्फात पुरून ठेवल्या, प्रत्येक नमुन्यात अंतर्गत मानक (ठाऊक मात्रेचं तुलनेचं रसायन) घातलं, आणि फरक नाहीसा झाला. सहा महिने गेले. ते सहा महिने मला पुढची पंचवीस वर्षं पुरलेत. आजही कुणी माझ्यापुढे आलेख ठेवला की मी आधी विचारते: प्राणी कोणत्या क्रमाने घेतले? रिकव्हरी किती आली, म्हणजे घातलेल्या मानकापैकी किती परत मिळालं?

परत कार्लसन यांच्याकडे. मार्च १९६० मध्ये लंडनमध्ये सिबा फाउंडेशनची परिषद भरली. सर हेन्री डेल, जॉन गॅडम, मार्थ फोख्त अशी त्या क्षेत्रातली सगळ्यात वजनदार माणसं हजर. चेतापेशी एकमेकींशी रसायनांतून बोलतात, हे शरीरातल्या चेतांबाबत मान्य झालेलं होतं, आणि ते मान्य करून घेण्यात डेल यांचाच मोठा वाटा होता. पण मेंदूतही ही अमाईन तसंच काम करतात, असं म्हणायला तीच मंडळी तयार नव्हती. डोपामुळे दिसणारा परिणाम विषबाधेसारखा असावा, अशीही शंका निघाली. कार्लसन तिथून हिरमुसले होऊन परतले, पण त्यांनी वादात वेळ घालवला नाही. आदल्याच वर्षी ते गोटेबोर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. तिकडे हिलार्प आणि बेंग्ट फाल्क यांनी एक नवी युक्ती काढली. गोठवून वाळवलेल्या ऊतीला फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली की डोपामाइन आणि नॉरॲड्रेनॅलिन असलेले चेतातंतू सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकतात, सेरोटोनिनचे पिवळे. हे रसायन चेतापेशींच्या आतच आहे, हे आता डोळ्यांना दिसू लागलं. युक्तिवादाने जे झालं नव्हतं ते त्या हिरव्या तंतूंनी केलं. वाईट एवढंच की हिलार्प १९६५ मध्ये गेले.

आणि त्याच १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच आणि हर्बर्ट एरिंगर यांनी कंपवाताने मेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांची पद्धत साधी होती. आयोडीनची अभिक्रिया केली की डोपामाइन असलेला नमुना गुलाबी होतो. निरोगी मेंदूचे नमुने गुलाबी झाले, कंपवाताच्या रुग्णांचे जवळजवळ बिनरंगाचे राहिले. यंत्रात घालण्यापूर्वीच फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. १९६१ मध्ये वॉल्टर बिर्कमायर यांच्या रुग्णांना शिरेतून लेव्होडोपा (डोपाचं शरीर वापरतं ते रूप) दिलं गेलं आणि खिळून राहिलेली माणसं उठली, चालली. परिणाम थोडा वेळ टिकायचा. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोटझियास यांनी तोंडाने, हळूहळू वाढवत, डोपाची मोठी मात्रा देऊन ते रोजचं औषध म्हणून शक्य करून दाखवलं. पुढे कार्बिडोपाची जोड मिळाली. डोपाचं डोपामाइन मेंदूबाहेरच होऊन वाया जात होतं आणि त्याने उलट्या होत होत्या, ते कार्बिडोपाने थांबवलं.

हीच गोळी आज कंपवाताच्या रुग्णांच्या घरी सापडते. वेळेवर गोळी घेतली की आजोबांच्या सदऱ्याचं बटण आजोबाच लावतात, आणि गोळीचा असर ओसरला की ताटातला घास तोंडाशी न्यायला दुसऱ्याचा हात लागतो. वडिलांना हे सांगा. "एका रसायनाच्या मागे" गेलेल्या माणसांनी ते बटण परत मिळवून दिलंय.

कार्लसन यांच्या पुढच्या वर्षांबद्दल थोडक्यात लिहिते, त्यावर एखादा वेगळा लेखच हवा. १९६३ मध्ये त्यांनी आणि लिंडक्विस्ट यांनी दाखवलं की क्लोरप्रोमाझिन, हॅलोपेरिडॉल ही मनोविकारांवरची औषधं दिली की अमाईनचं प्रमाण तेवढंच राहतं, पण त्यांच्या विघटनातून तयार होणारी द्रव्यं वाढतात. त्यावरून त्यांनी तर्क केला की ही औषधं ग्राहींना (चेतापेशीवर रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागांना) अडवत असावीत आणि चेतापेशी भरपाई म्हणून जास्त माल सोडत असावी. स्किझोफ्रेनियाचा संबंध डोपामाइनशी जोडणाऱ्या सिद्धान्ताचा पाया इथे आहे. बघा, इथेही सगळं मोजण्यातूनच आलं, फक्त या वेळी रसायनाऐवजी त्याचा कचरा मोजला. मग सेरोटोनिन चेतापेशीत परत ओढलं जाण्याची क्रिया निवडकपणे रोखणारं झिमेलिडिन हे औषध त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शोधलं. आजच्या नैराश्यावरच्या औषधांच्या मोठ्या कुळातलं ते पहिल्या काहींपैकी. ते १९८२ मध्ये बाजारात आलं आणि १९८३ मध्ये मागे घ्यावं लागलं, कारण काही रुग्णांना गियाँ-बारे हा चेतांचा गंभीर आजार झाला. दहा वर्षांचं काम वर्षभरात संपलं. त्याच वाटेवरून त्याच कुळातलं फ्लुओक्सेटिन नंतर सगळीकडे पोहोचलं.

नोबेलबद्दलही एक गोष्ट जाणून ठेवा. २००० सालचा पुरस्कार कार्लसन, पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना मिळाला. होर्निकिएविच यांचं नाव त्यात नव्हतं. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याबद्दल जाहीर पत्र लिहिलं. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. माणसाच्या मेंदूत कमतरता प्रत्यक्ष दाखवणं आणि डोपा रुग्णापर्यंत नेण्याचा आग्रह धरणं, हे काम कुणाच्या मागे उभं राहण्याचं नव्हतं. या क्षेत्रात श्रेय असं वाटलं जातं. तुम्हालाही हे कधी ना कधी भेटणार, लेखकांच्या नावांच्या क्रमात तरी नक्कीच.

तुम्ही पत्राच्या शेवटी खाजकुयलीचं विचारलंय, कारण गावाकडचे वैद्य कंपवातात ती देतात. तुमचा तर्क बरोबर आहे. लेव्होडोपा प्रथम १९१३ मध्ये मार्कस गुगेनहाइम यांनी युरोपातल्या बाकल्याच्या शेंगांतून काढलं. त्यांनी अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं आणि उलट्यांनी बेजार झाले. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच खाजकुयलीच्या बियांतून वेगळं केलं. मुंबईत अशोक वैद्य यांच्या गटाने १९७८ मध्ये कंपवाताच्या रुग्णांवर त्या बियांच्या वापराचा अनुभव छापला. म्हणजे विषय पोकळ नाही. पण पुडीतल्या चूर्णात लेव्होडोपा किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि गोळी चालू असलेल्या रुग्णाने त्यावर चूर्ण घेतलं तर मात्रा वर जाऊन शरीर आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं, भास होतात, रक्तदाब घसरतो. घरात कुणी घेत असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टना सांगायला लावा. आणि खरंच मनात असेल तर वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बियांमधलं लेव्होडोपा मोजणं हा तुमच्यासारखीला पहिल्या वर्षात करता येण्याजोगा चांगला प्रश्न आहे.

आता निवड. संगणकावरचं काम मी कमी लेखत नाही, माझेच दोन विद्यार्थी त्यात आहेत आणि उत्तम करताहेत. पण तुमचं शिक्षण बायोकेमिस्ट्रीचं आहे आणि तुम्हाला मेंदूवरच्या औषधांत जायचंय. ग्राहीवर रेणू बसतो असं पडद्यावर दिसलं, तरी तो मेंदूत पोहोचतो का, पोहोचल्यावर कोणतं अमाईन वाढतं किंवा घटतं आणि प्राणी त्याने काय करतो, या तीन प्रश्नांची उत्तरं मोजूनच मिळतात. ते मोजणं पंचविशीत हाताला लागलं तर लागतं. चाळिशीत शिकणारे मी फार थोडे पाहिलेत. डॉकिंग, म्हणजे रेणू ग्राहीवर कसा बसतो ते संगणकावर पाहणं, तुम्ही पुढे सहा महिन्यांत शिकाल. म्हणून मी तुमच्या जागी असते तर लहान प्रयोगशाळेत गेले असते.

फक्त होकार कळवण्याआधी एकदा तिथे जाऊन या. गाइडशी बोलणं होईलच, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी एकट्याने बोला. एचपीएलसीचा इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर गेल्या वर्षात किती महिने चालू होता आणि बिघडला तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतात, ते विचारा. प्राण्यांच्या प्रयोगांची नैतिक समितीची मंजुरी हातात आहे की अजून अर्जच आहे, ते पाहा. मागच्या दोन प्रबंधांचे कच्चे आकडे कुठे ठेवलेत, हेही विचारा आणि वही मागा. वहीत फसलेल्या दिवसांच्याही नोंदी असतील तर डोळे मिटून रुजू व्हा. वहीत सगळेच दिवस चांगले गेलेले दिसले तर मला परत लिहा, मग आपण तिसऱ्या जागेचा विचार करू.